तीन दशांश सेकंद

माझ्या सासऱ्यांच्या संगणकावर नऊ वर्षे जो ब्राउझर होता, तो मी निवडला होता. पर्याय तपासून, तक्ता करून, कारणांसह. वजनकाटे प्रमाणित करणे हा माझा व्यवसाय आहे. मत देण्यापूर्वी मोजावे, एवढी एकच श्रद्धा मी बाळगतो. सासरे एकटे राहतात. सकाळी हवामान पाहतात, दुपारी बुद्धिबळाची कोडी सोडवतात. महिन्यातून एकदा काहीतरी अडे आणि मला फोन येई, "जावईबापू, जरा येऊन जाता का?" मी जाई, चार मिनिटांत दोष दूर करी आणि परत येई.

गेले तीन महिने फोन आला नव्हता. कारण बायकोकडून कळले: धाकट्या साडूने बाबांना दुसरा ब्राउझर बसवून दिला होता.

"त्या गादीवाल्याने?" साडू गाद्या विकतो.

"मग काय झालं? तो म्हणतो, हा हलका आहे. शिवाय आपल्यावर पाळत ठेवत नाही."

"तुझ्या वडिलांवर कोण पाळत ठेवणार? घोडा अडीच घरं चालवतात म्हणून?"

"तुमच्या पोटात दुखतंय."

"मी फक्त पुरावा मागतोय."

"एवढी यंत्रं आहेत तुमच्या प्रयोगशाळेत. जळफळाट मोजायचं एखादं असेल, तर आधी ते लावून घ्या."

रविवारी मी न बोलावता गेलो. सोबत स्टॉपवॉच, वही आणि पुठ्ठ्याची एक पट्टी.

पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. कोणता ब्राउझर उघडला आहे हे सासऱ्यांना कळू नये म्हणून पडद्याचा वरचा भाग मी पुठ्ठ्याने झाकला. क्रम नाणे उडवून ठरवला. मी पान उघडायचे आणि ते पूर्ण दिसताच त्यांनी 'आलं' म्हणायचे. अशा चाळीस नोंदी.

तिसाव्या नोंदीला ते म्हणाले, "जावईबापू, गाडी आली की नाही हे सांगायला फाटकवाल्याला पगार तरी मिळतो."

सरासरी काढली. जुना तीन दशांश सेकंदांनी वेगवान ठरला. माणसाला 'आलं' म्हणायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो, म्हणून या फरकाला काही अर्थ नव्हता. हाताखालच्या माणसाने हे वाक्य गाळले असते, तर मी त्याचा अहवाल परत पाठवला असता. त्या दिवशी मीच ते गाळले.

"जुना वेगवान आहे, बाबा. तीन दशांश सेकंदांनी."

"असेल हो. नवा अडखळतो, मला ठाऊक आहे. मागे एकदा छापायलाच तयार नव्हता. मग एका गुरुवारी धाकटे आले, दोन तास बसले." सासरे खुर्चीत पुढे सरकले. "त्यांनाही काही येत नाही! ते एक दाबून बघतात, मग मी दुसरं. मधे एक डाव होतो. दोनदा चहा. दर गुरुवारचं ठरलंय आता."

"पण जुना परत घेतलात, तर काही बिघडणारच नाही."

"तेच तर. आणि बिघडलं, तरी तुम्ही उभ्या उभ्या नीट करून जाता."

मी वहीकडे पाहिले. नऊ वर्षे, महिन्याला चार मिनिटे: सात तास बारा मिनिटे. साडूने तेवढे चार गुरुवारांतच गाठले होते, तेही निव्वळ अज्ञानाच्या भांडवलावर.

"बरं, आलाच आहात तर," सासरे म्हणाले, "यातली अक्षरं मोठी होतील का?"

दोन कळा एकत्र दाबल्या की होतात. मी डोळे मिटूनही करू शकतो. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"सापडत नाहीये," मी म्हणालो. बावीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटी नोंद न केलेल्या माणसाची ही एकाच दुपारी केलेली दुसरी.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "तुम्हालाही? थांबा मग, धाकट्यांनाच विचारतो." त्यांचा हात फोनकडे गेला.

"नको!" आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "म्हणजे, सुट्टीच्या दिवशी त्याला कशाला त्रास? आपण शोधू. तुम्ही आधी हे दाबून बघा."

त्यांनी दाबले. पान बंद झाले आणि त्याबरोबर अर्धवट सोडवलेले कोडेही गेले.

"गेलं की हो!" ते तृप्त स्वरात म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. जाता जाता त्यांनी फळीवरचा बुद्धिबळाचा पट काढून माझ्यापुढे ठेवला.

ते आत वळताच मी स्टॉपवॉच शून्यावर आणले आणि पुन्हा चालू केले. साडूचा आकडा दोन तासांचा होता.