कॅनला नमस्कार

अहो, काय सकाळ होती ती! नुसती आठवली तरी माझ्या अंगात वारं संचारतं.

दुष्काळाचं साल. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात शेतं ओसाड पडली होती, चूल पेटायची ती दूध संस्थेच्या जिवावर. रोज सकाळी आम्ही बायका चरव्या घेऊन संस्थेपुढं रांग लावायचो. सगळ्यांचं दूध मापून मोठ्या कॅनमध्ये ओतलं जायचं आणि टेम्पो ते घेऊन शीतकरण केंद्राकडं पळायचा. ऊन तापायच्या आत पोचला तर बरं, नाहीतर दूध नासायचं आणि अख्ख्या गावाची त्या दिवशीची कमाई मातीत जायची.

त्या दिवशी टेम्पो वाटेत पंक्चर होऊन उशिरा आला. ड्रायव्हर श्रीपतीनं उडीच मारली खाली. "सरका, सरका!" करत त्यानं भरलेला कॅन ओढला आणि त्याची कड भिमाबाईच्या अनवाणी पायावर आदळली. अंगठ्याचं नखच उलटलं. बिचारी कळवळून खाली बसली. त्या गडबडीत श्रीपतीचा पाय कॅनला लागला. तर या शहाण्यानं काय करावं? कॅनला हात लावला, तो कपाळाला टेकवला, "चुकलो माय" म्हणाला आणि कॅन उचलून चालता झाला. भिमाबाईकडं वळून बघितलंसुद्धा नाही!

दुधाला पाय लागला तर नमस्कार आम्हीही करतो. पण माझं टाळकंच सरकलं. भिमाबाई बौद्ध वस्तीतली. तिचं दूध संस्थेत घ्यायचं की नाही, यावर गावानं वर्षभर वाद घातला होता. आता दूध चालत होतं, बाई मात्र कुणाला दिसत नव्हती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती लंगडत गेली आणि टेम्पोच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसली.

एकच गलका उडाला. "अगं, ऊठ की! दूध नासंल!" दूध नासलं असतं तर सगळ्यात आधी तिचीच चूल थंड पडली असती. एक म्हैस सोडली तर तिच्या घरात दुसरं काही नव्हतं. तरी ती हलेना.

संस्थेचे सेक्रेटरी आबाराव धावत आले. "मालनबाई, तुमी तरी सांगा तिला."

"म्या न्हाय सांगायची," मी म्हणाले. "पाय तिचा फुटलाय." आणि जाऊन तिच्या शेजारीच फतकल मारली.

श्रीपती हॉर्न वाजवून दमला, मग खाली उतरला. "बाई, काय पायजे तुमाला? दवाखान्यात सोडू का?"

भिमाबाईनं आवाजसुद्धा चढवला नाही. "कॅनात माझंबी दूध हाय. त्याची माफी मागितली तुमी. मंग माझी का न्हाय?"

गलका थांबला.

"चुकलं," श्रीपती पुटपुटला. "पण आज लई घाई..."

"पण नको."

तो वाकून तिच्या पायाला हात लावू लागला. तिनं पाय मागं घेतले. "पाया पडू नका. माणसासारखं तोंडानं बोला."

श्रीपती उभा राहिला. त्यानं उन्हाकडं बघितलं, कॅनकडं बघितलं. मग आत हात घालून घरघरणारं इंजिन बंद केलं.

"नाव काय तुमचं?" वर्षभर रोज तिचं दूध नेत होता, आणि नाव आज विचारत होता!

"भिमाबाई."

"भिमाबाई, चुकलं माझं. तुमचा पाय फोडला आन् तसाच गेलो."

"व्हय," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

आता गंमत बघा, बंद केलेलं इंजिन चालूच होईना! मग आबाराव, आम्ही बायका, सगळे मागून भिडलो. वळून बघते तर भिमाबाई एका पायावर उड्या मारत टेम्पोला धक्का देत होती आणि आम्हा सगळ्यांवर ओरडत होती, "जोर लावा की गं! दूध नासंल!"