काढ्यातली आई

रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्यांवर माणसं आडवी पडलेली, डोळ्यांवर पट्ट्या. कुणी हुंदके देतंय, कुणी गदागदा हसतंय. महाराज वाटीवाटी कडू काढा पाजत फिरत होते. तो प्यायला की गेलेलं माणूस भेटतं, अशी ख्याती. एका वायरमनला मात्र त्याचा जिवंत, धडधाकट साडू भेटला. महाराज म्हणाले, तो निघायच्या तयारीत असणार. लोकांनी माना डोलावल्या.

सतरंजीवर पडलेल्या एका शिंप्याची लेक दारातच उभी होती. आई गेल्यापासून तिच्या बाबांनी शिलाई मशीनला हात लावला नव्हता. आईचा शेवटचा श्वास चालू असताना उशाशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता, ते त्यांना खात होतं. आज काढ्यानंतर ते उठून बसले आणि चक्क हसले.

"भेटली गं. म्हणाली, झोपलात ते बरंच केलंत, किती जागला होतात."

क्षणभर लेकीचाही विश्वास बसला. तिलाही हेच हवं होतं.

महाराजांचं पथ्य एकच: मनाच्या आजाराच्या जुन्या गोळ्या बंद. आत्म्याला सिग्नल लागतो म्हणे, आणि गोळ्या म्हणजे जॅमर. बाबांनीही आपल्या वर्षानुवर्षांच्या गोळ्या सोडल्या.

बाबांची झोप उडाली. एका सकाळी लेक त्यांच्या शिलाईच्या दुकानात गेली, तर गिऱ्हाइकांची सगळी कापडं, सुटाचं, गणवेशाचं, पडद्याचंसुद्धा, त्यांनी आईच्या मापाने बेतून टाकली होती.

"ती येतेय. घालायला काही नको?" डोळे तारवटलेले, कात्री थांबत नव्हती.

तिने त्यांना दवाखान्यात नेलं, महाराजांनी घरी दिलेला, उरलेला काढाही नेला. तो तपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यात भास घडवणाऱ्या अळंब्या आहेत. दिसतं ते आपल्याच मनातलं. नैराश्यावर अशा द्रव्यांचा अभ्यास चालू आहे, काहींना आरामही पडलाय. पण तिथे माणूस आधी पारखतात, मात्रा मोजतात, जाणकार शेजारी बसतो. बाबांच्या आजारात मन कधी खोल जातं, कधी उधळतं. अशांना त्या अभ्यासात बहुधा घेतच नाहीत. आणि इथे तर गोळ्याही तोडल्या होत्या.

तोवर महाराजांनी हॉल रिकामा केला होता.

बाबा हळूहळू शांत झाले. मग त्यांनी विचारलंच, "म्हणजे ती आली नव्हती?"

'आली होती' म्हणणं सोपं होतं. "नाही, बाबा."

"मग बोललं कोण?"

"तुम्हीच. स्वतःशी."

"मी म्हणून काय उपयोग? तिने म्हणायला हवं होतं."

लेकीने त्यांचा हात तेवढा धरून ठेवला.

ज्यांचं कुणी गेलंय, त्यांनी वाटी तोंडाला लावण्याआधी विचारावं: यात काय आहे, कुणाला चालत नाही, आणि माणूस बिघडला तर तुम्ही कुठे सापडाल? आणि कुणाच्याही शब्दावर डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नयेत. या प्रश्नांचं उत्तर मिळालं नाही, तर उठून यावं. रडायचंच आहे, तर घरीही रडता येतं.