बारावा मणका

बहात्तर सालचा उन्हाळा. माण तालुक्यातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि जो तो आपली विहीर आणखी खोल खणत होता. कृष्णातनंही खणायला घेतली. वर, दगडमाती ओढून काढायच्या यारीच्या दांड्यावर त्याचा धाकटा भाऊ गुंडा, तळाला पाट्या भरायला बायको अंजना. त्या दिवशी जेवण करून कृष्णात यारीच्या पाटीत पाय टाकून खाली यायला निघाला आणि अर्ध्यावर दोर तुटला. अंजनाच्या पुढ्यात, चार हातांवर, तो खडकावर पाठीवर आदळला.

ती धावली. त्याचे डोळे उघडे होते. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. अंजनानं पहिल्यांदा त्याच्या पायांकडं बघितलं, मोडलेत का म्हणून. उजव्या पायाचा अंगठा हालला. थांबला, परत हालला. तिच्या जिवात जीव आला.

तोवर गुंडा पायऱ्या उतरून धापा टाकत आला. "वैनी, जरा पडू द्या त्येला," तो म्हणाला.

"बसवा त्येस्नी. घशाला कोरड पडली आसंल, पानी पाजते," असं म्हणत तिनंच कृष्णातच्या काखेत हात घातले आणि त्याला उठवून बसवलं. तांब्या तोंडाला लावला. दोन घोट आत गेले, बाकीचं पाणी छातीवर सांडलं. मग घोंगड्याची झोळी करून जमलेल्या माणसांनी त्याला वर काढला.

त्यानंतर तो अंगठा काही हालला नाही.

दहिवडीच्या डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा ट्रकमधून त्याला मिरजेच्या इस्पितळात आणला. तिथले हाडांचे डॉक्टर उमद्या मनाचे होते. खेड्यातल्या बाईला काय कळतंय म्हणून सोडून देणारे नव्हते. त्यांनी अंजनाला खोलीत नेलं. कोपऱ्यात माणसाच्या हाडांचा सांगाडा टांगलेला होता. तो बघून ती दारातच थबकली.

"भिऊ नका बाई, या. आपल्या सगळ्यांच्या आत हेच आहे." डॉक्टरांनी सांगाड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे मणके. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच. त्याच्या खाली माकडहाड. तुमच्या मालकांचा पाठीचा शेवटचा, बारावा मणका चेचलाय. मणका काय, जुळून येईल. पण या सगळ्या मणक्यांच्या मधनं एक दोर जातो. मज्जारज्जू म्हणतात त्याला. मेंदूचा हुकूम पायापर्यंत नेतो तो. तो दुखावलाय."

"मंजी पाय मोडल्यात व्हय?"

"पायांना काही झालेलं नाही. एका पावलात सव्वीस हाडं असतात. टाच, घोटा, बोटांची पेरं, सगळी शाबूत आहेत. खरचटलंसुद्धा नाही. त्यांना सांगावाच पोचत नाही." ते जरा थांबले. "एक विचारतो. पडल्यावर त्यांना कुणी उठवून बसवलं होतं का?"

अंजनाची नजर परत सांगाड्याच्या पाठीकडं गेली.

"न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कुणी बसवलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. पण विचारायची गरजही राहिली नव्हती. तो अंगठा हालताना जगात एकट्या तिनं बघितला होता.

कृष्णात फळीच्या खाटेवर उताणा. दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, पावलं लोळू नयेत म्हणून तळव्यांना टेकवलेली लाकडी फळी. मान उचलायची नाही, त्यामुळं त्याला स्वतःचे पाय दिसत नसत. वॉर्डातल्या राहीबाई नावाच्या आयानं अंजनाला सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचा गादीला घासू नयेत म्हणून घोट्याखाली उशी कशी द्यायची, लघवीची नळी कशी धुवायची.

तिसऱ्या दिवशी कृष्णात म्हणाला, "अंजने, मी अंगठा हालीवतो. तू बघ." डोळे मिटून, दातओठ खाऊन त्यानं जोर लावला. कपाळावर घाम आला. "हालला का?"

"हालला," ती म्हणाली. "जरासा."

त्याच्या तोंडावर जे उमटलं ते बघून तिला परत मागं फिरता आलं नाही. मग रोज सकाळी तेच. "हालला का?" "हालला." कधी म्हणायची, आज लय हालला. मणका जुळला की हातांवर जोर देऊन बसायला आणि चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकायचं, असं डॉक्टर सांगत, तर हा हसून म्हणायचा, "खुर्ची कशाला सायेब? पेरनीला घरी चालत जानार हाय मी." डॉक्टर अंजनाकडं बघत. ती खाली बघे.

दीड महिना असा गेला. एका रविवारी दाढी करायला न्हावी आला. दाढी झाल्यावर कृष्णातनं त्याच्याकडून आरसा मागून घेतला. अंजना पायाशी उभी होती. "बघ गं," तो म्हणाला आणि आरसा छातीवर तिरका धरून त्यानं जोर लावला.

"हालला," ती सवयीनं म्हणाली. वर बघितलं तर तो आरशात आपली पावलं बघत होता.

त्यानं आरसा न्हाव्याला परत दिला. रागावला नाही, ओरडला नाही. चार दिवस तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. तिनं भरवलेला घास खायचा आणि तोंड भिंतीकडं करायचा.

पाचव्या दिवशी ती त्याची पाठ पुसत होती. तो म्हणाला, "कुठवर हाय मी? दाव."

तिनं मानेपासून एकेका मणक्यावर बोट टेकवत खाली यायला सुरुवात केली. "हितं?" "कळतंय." "हितं?" "कळतंय." पाठीचा एकेक मणका ती मोजत गेली. बाराव्याच्या खाली बोट आलं. "हितं?" तो गप्प. अजून खाली. "आन् हितं?"

"बोट उचललंस व्हय?" त्यानं विचारलं.

बोट तिथंच होतं.

तेव्हा अंजनाचा बांध फुटला. ती खाटेच्या कडेला डोकं टेकून सगळं बोलून गेली. तो हाललेला अंगठा, काखेत घातलेले हात, पाण्याचा तांब्या, डॉक्टरला सांगितलेलं खोटं. "म्याच तुमचं वाटूळं केलं. गुंडाभाऊजी नगं म्हनत हुतं."

कृष्णातनं हात मागं नेऊन तिचं डोकं चाचपलं. मग म्हणाला, "खुळी हायस. मीच वरडत हुतो, मला बसवा म्हनून. घसा सुकला हुता. तू न्हाई तर गुंड्यानं बसवलं आसतं."

"खरं?"

"मला ठावं आसनार का तुला?"

त्या दिवसापासून तो खुर्चीत बसायला शिकू लागला.

श्रावणात त्याला घरी आणला. पाऊस त्याही वर्षी रुसलाच होता. सोप्यात खाट टाकली. अंजनानं घड्याळ नसताना दोन तासांचा हिशेब दिवसा सावलीवर, रात्री चांदण्यांवर बसवला आणि कूस एकदाही चुकवली नाही. एकदा गुंडा वैरण टाकून दारात बसला होता. ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "भाऊजी, त्या दिशी त्येनीच वरडून सांगितलं न्हवं, मला बसवा म्हनून?"

गुंडा चक्रावला. "दादा? न्हाई वैनी. त्येच्या तोंडातनं सबूद कुठं फुटत हुता? उटीवल्यावर 'आय गं' म्हनला, त्येवढंच."

अंजना गोठ्यात गेली. दावणीशी पदर तोंडात कोंबून बसली. कूस बदलायची वेळ झाली तशी उठली, डोळे धुतले आणि आत आली. कृष्णातनं तिचं तोंड बघितलं. काय झालं ते त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

माघात त्याला हुडहुडी भरून ताप आला. लघवीवाटे विष अंगात चढलं होतं. मिरजेला न्यायला गाडी ठरवायला गुंडा पहाटेच निघाला, पण गाडी येईपर्यंत दिवस माथ्यावर आला. तोवर कृष्णातची शुद्ध हरपत चालली होती. अंजना त्याला भिंतीकडच्या कुशीवर वळवू लागली, तशी पाळीच होती. त्यानं तिचं मनगट धरलं.

"त्या अंगाला नगं," तो म्हणाला. "तुज्याकडं कर."

तिनं त्याला आपल्याकडं वळवलं, घोट्याखाली उशी सारली आणि त्याच्या तोंडासमोर जमिनीवर बसली. गाडी दारात आली तेव्हा गुंडानं बाहेरून हाक मारली. ती उठली नाही. मनगटावरची पकड सुटून गेली होती, पण हात तिथंच होता आणि तो बाजूला करणं तिच्यानं होईना.