वंदना, गाडी काढ

इतवाऱ्यातल्या मोतीलाल महाजनांच्या दारात पांढरी मारुती आली ती सत्त्याऐंशी साली, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर. अँबॅसेडर पाहून मोठी झालेली माणसं बोनेटवर हात फिरवत म्हणायची, "इंजन जपानी है, चालू आहे का बंद, समजतंच नाही!"

पण चालवणार कोण? केळीच्या व्यापारात मुरलेल्या मोतीलालांची नजर अधू. त्यांच्या मुलानं, अरविंदनं, पहिल्याच दिवशी गाडी मागं घेताना शेजाऱ्याच्या ओट्यावर घातली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हा त्याची बायको वंदना पुढं झाली. रावेरला वडिलांच्या मळ्यात तिनं जीप चालवलेली होती.

"मामंजी, मी काढू बाहेर?"

तिनं एका दमात गाडी त्या अरुंद गल्लीतून बाहेर काढली. मोतीलालांना कोण अभिमान! वंदनाला वाटलं, आता कुठंही जाता येईल.

आणि जावं लागलंच. सासूला, धुरपदाबाईंना, सत्संगाला न्या. नणंदेला कॉलेजला सोडा. नेपानगरच्या पाहुण्यांना आणा. गल्लीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचवा. पोळ्या लाटत असली तरी हाक यायची, "वंदना, गाडी काढ!" लग्नघरी सगळे आत जेवायचे आणि ती बाहेर थांबायची, कारण पोरं गाडीवर ओरखडे काढतात. कुणीतरी ताट आणून द्यायचं, ते मांडीवर घेऊन ती काच खाली करून जेवायची. रावेर तासाभराच्या आत. तिकडं जायचा विषय काढला की अरविंद म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात बघू."

एकदा संध्याकाळी तो दुकानातून आला आणि शर्ट खुंटीला अडकवता अडकवता म्हणाला, "तुझ्या वडिलांचा फोन होता. तुझ्या आई मोरीत पडल्या. अंथरुणावर आहेत. रविवारी बघू."

"मी उद्याच जाते."

"उद्या आईला लोधीपुऱ्यात बारशाला न्यायचंय ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं धुरपदाबाईंना बारशाच्या घरी उतरवलं. "जेवणं झाली की ये," म्हणून त्या आत गेल्या. वंदनानं गाडी वळवली ती घराकडं नाही, रावेरच्या रस्त्याला लावली. गाडी सरळ धावत होती.

खाटेवरच्या आशाबाईंनी लेकीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग नजर दाराकडं गेली.

"संगे कोन आलं?"

"कोणी नाही, आई. मीच आले."

"घरी सांगून आली ना?"

वंदना आईची चादर सारखी करायला लागली. आईनं तिचा हात बाजूला केला.

"जाय माय, लगेच जाय. लोकं काय म्हनतीन?"

"थोडं बसू दे ना. तुझे केस तरी विंचरते."

"जाय म्हनते ना!"

ती लोधीपुऱ्यात पोचली तेव्हा मांडवातल्या सतरंज्या उचलल्या होत्या. धुरपदाबाई दारात उभ्या होत्या. नेहमी पुढं बसायच्या, आज मागं बसल्या.

रागावलं कुणीच नाही. रात्री जेवताना अरविंद मायेनं म्हणाला, "उद्यापासून लोटू ड्रायव्हर येतोय. किती दमतेस तू!"

"मी दमत नाही."

"अगं, आता आरामात मागं बसायचं," मोतीलाल म्हणाले, आणि विषय केळीच्या भावावर गेला.

रविवारी सगळेच रावेरला निघाले. मोतीलाल पुढं, मागच्या सीटवर सासू आणि अरविंद यांच्या मधोमध वंदना, गुडघे आखडून. लोटूनं गिअर करकरवला की तिचा डावा पाय आपोआप क्लच दाबायला जायचा आणि पुढच्या सीटला लागायचा.

"पाय नीट ठेव ना," अरविंद हळूच म्हणाला.

रावेरला खाटेभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या. चहा झाला, भाव झाले, औषधं झाली. वंदना चहाच्या कपबशा घेऊन आत-बाहेर करत राहिली. निघताना ती पाया पडायला वाकली, तेव्हा आशाबाई तिच्या कानाशी समाधानानं म्हणाल्या, "पाह्य, एवढे सगळे आले माझ्यासाठी! नशीबवान आहे तू."

"हो," वंदना म्हणाली.

बाहेर लोटूनं हॉर्न दिला. अरविंदनं दार उघडून धरलं, आणि आधी ती आत सरकली, मधल्या जागेवर.