पाय आधी, डफ मागून

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. शनिवारी दुपारी तिथल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या जात आणि आठ मुली दाराशी चपला काढून गोल उभ्या राहत. सगळ्या चौदा-पंधरा वर्षांच्या. जे तोंडाने सांगता येत नाही ते अंगाने सांगायचं, एवढंच तिथलं काम. एकीने मध्ये यावं, सुचेल ती हालचाल करावी. बाकीच्यांनी ती हुबेहूब करावी. हसायचं नाही, शाबासकीही द्यायची नाही. हे सगळं चालवणाऱ्या समुपदेशक बाईंना मुली ताई म्हणत.

कोपऱ्यात स्टुलावर डफ घेऊन आजोबा बसत. ते सख्खे आजोबा आठांतल्या एकीचेच, पण हाक सगळ्यांची तीच. चाळीस वर्षं त्यांनी नाचणाऱ्यांना साथ केली होती. ताईंनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, "इथे पाय आधी, डफ मागून. तुम्ही ताल द्यायचा नाही, मुलींकडून घ्यायचा."

"म्हणजे म्हाताऱ्याला पुन्हा रांगायला शिकवताय म्हणा की," आजोबा म्हणाले होते.

नात खोलीतल्या खांबाला टेकून उभी राही, म्हणून मुलींनी तिचं नावच खांब ठेवलं. वर्षापूर्वी शाळेच्या कार्यक्रमात ती नाचता नाचता पडली होती. कुणीतरी ते मोबाइलवर टिपून वर्गभर फिरवलं. तेव्हा नाच सुटला आणि मागोमाग बोलणंही आटलं. घरात 'हो', 'नको', 'भूक नाही' एवढ्यावर कारभार. आजोबांनीच हट्ट धरून तिला इथे आणलं होतं.

पाचव्या शनिवारी गोलात उभी असताना तिचा खांदा जरासा हलला. आजोबांना राहवलं नाही. समोरच्याचं पाऊल पडायच्या आत त्याला ठेका पुरवायचा, ही साथीदाराची जुनी खोड. त्यांनी थाप मारली, वर हौसेने एक तुकडाही जोडला. खांदा जागीच थिजला. नात परत खांबाशी.

"मी काय सांगितलं होतं?" ताई नंतर एवढंच म्हणाल्या. देवाने कान दोन दिलेत ते उगाच नाही; पण हात उतावळे झाले की कानांना विचारतो कोण!

त्या संध्याकाळी मुलाने सुनावलं, "बाबा, पुरे आता. पोरगी आहे तिथेच आहे. येत्या शनिवारी जागची हलली नाही, तर हे बंद."

सहाव्या शनिवारी एक वेणीवाली नातीला म्हणाली, "चल गं खांबा, तू आली नाहीस तर छप्पर पडायचं."

नात मध्ये आली आणि उभी राहिली.

आजोबांनी डफ मांडीवर पालथा घातला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पंखा खरखरत होता. खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची ओढली. ताई हलल्या नाहीत. नात हात सोडून उभी होती, म्हणून उरलेल्या सातजणीही हात सोडून उभ्या होत्या. तिने एकेकीकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं.

तिने उजवी टाच उचलली. सात टाचा उचलल्या गेल्या. तिने ती टेकवली. सातही टेकल्या.

आजोबांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. हातांना मुंग्या मात्र आल्या. तरी ते तसेच बसून राहिले. टाच पुन्हा उचलली गेली, पुन्हा टेकली. मग नातीने कोपऱ्याकडे मान वळवली.

"आजोबा, झोप लागली का? वाजवा की!"

त्यांनी मुंग्या आलेल्या बोटांनी एक थाप दिली. टाच टेकल्यावर. मग दुसरी. नातीने वेग वाढवला, मध्येच थांबली, भलत्याच वेळी पाय आपटला. आजोबा चुकले. परत चुकले. चाळीस वर्षांत इतके चुकले नव्हते. हसायचं नाही हा नियम मुलींनी मोडला, आणि सगळ्यांत आधी नातीनेच.

खाली फाटकाशी मुलगा स्कूटर लावून उभा होता. "काय, हलली का?" त्याने वडिलांना विचारलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तिला विचार."

नात मागच्या सीटवर बसली. "बाबा," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आजोबांना अर्धा तास आधी आणू या. फार मागे पडतात."

मुलाने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि स्कूटर सुरू केली.