संतरामच्या गिटारची कॅसेट

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. माझी फीत सैल पडली आहे आणि प्लास्टिक पिवळे झाले आहे. तरी मला मशीनमध्ये घाला, म्हणजे कुरुंद्याच्या संतरामची गिटार अजून ऐकू येईल.

सत्त्याहत्तर साली वसमतच्या धनसिंग लाऊडस्पीकरवाल्याने मला हैदराबादच्या बाजारातून आणले. लग्न असो की उरूस, धनसिंग आपले कर्णे, बॅटरी आणि टेपरेकॉर्डर बैलगाडीत घालून गावोगाव जायचा. मी कोरी होते. बाकीच्या कॅसेट गाणी म्हणायच्या आणि मी पेटीच्या तळाशी पडून माझ्या पाळीची वाट बघायचे.

संतराम तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्याआधी सिकंदराबादला ते दिवसभर रेल्वेच्या कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी क्लबात रॉक वाजवणाऱ्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. लोक नाचायचे त्यांच्या गिटारवर, टाळ्या मात्र गाणाऱ्याला मिळायच्या. संतराम मागे ड्रमच्या आडोशाला उभे. इतक्या वर्षांत स्टेजवरून त्यांचे नाव कोणी पुकारले नाही. पुढे नजर अधू झाली, नोकरी सुटली आणि ते बायको शालूबाईंसह गावी परतले. त्यांची लाल गिटार पाहून गावाने तिला नाव ठेवले, ‘इजेची सतार’, म्हणजे विजेवर वाजणारी. ती कर्ण्याशिवाय वाजत नसे, म्हणून कापडात गुंडाळून खुंटीला टांगलेली असायची.

मला आणल्याच्या दुसऱ्या वर्षी भीमजयंतीला नांदेडहून गायन पार्टी येणार होती. वाटेत तिची जीप बिघडली. मंडपात अर्धे गाव जमलेले. मंडळाचे माणिकराव धावतच संतरामच्या घरी आले.

“संतरामदादा, आता तुमीच इज्जत राखा.”

“मला गाणाऱ्याच्या मागं उभं ऱ्हायची सवय हाय, माणिकराव. माझ्या इंग्रजी वाजवण्याला लोक हासतील.”

शालूबाई चुलीपुढून उठल्या. “सिकंदराबादेत परक्यांसाठी जलमभर वाजवलं. आज आपल्या लोकाइला ऐकवायला काहून भेता?”

मंडपात कर्णे लावायला आलेल्या धनसिंगने गिटारची वायर कर्ण्याच्या मशीनला जोडली आणि मला टेपरेकॉर्डरमध्ये घातले. पहिलाच सूर असा किंचाळला की गावातली कुत्री भुंकू लागली. मंडप हसला. संतरामनी आवाजाचे बटण थोडे मागे फिरवले. मग त्यांनी डोळे मिटले आणि बाया जात्यावर ओव्या म्हणतात ती चाल हळूच धरली. हसणे थांबले. ती चाल त्यांनी वाढवत नेली, तार बोटाने अशी ओढली की सूर आधी कळवळला आणि मग गरजला. हलगीवाले कोंडीबा बसल्या जागेवरून उठले, हलगी शेकून आले आणि साथीला उभे राहिले. गिटार आणि हलगी एकमेकींच्या अंगावर धावून जाऊ लागल्या. म्हाताऱ्या रुख्मिणीबाई पदर खोचून नाचायला उतरल्या. शेवटी माणिकराव माइकवर ओरडले, “वाजवणार, आपल्या कुरुंद्याचे संतराम!” त्यानंतरच्या टाळ्या माझ्या फितीत मावल्याच नाहीत, नुसती खरखर उमटली.

मग माझे चांगले दिवस आले. औंढ्याच्या जत्रेत धनसिंग मला वाजवायचा. लोक थांबून विचारायचे, “मुंबईचा हाय का वो कोणी?” धनसिंग ऐटीत सांगायचा, “न्हाई, कुरुंद्याचा हाय.” संतराम मात्र मला ऐकायला कधी आले नाहीत. म्हणायचे, “माझंच मी काय ऐकू?”

पण नवी गाणी आली आणि मी पेटीच्या तळाशी गेले. त्याच हिवाळ्यात संतरामच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात लुळा पडला.

पुढच्या उन्हाळ्यात वसमतला एक लग्न होते. नवरदेवाच्या दोस्तांना रेडिओवरची गाणी भरून हवी होती. धनसिंग जेवायला बसला होता. त्याच्या मदतनिसाने रेडिओ टेपरेकॉर्डरसमोर ठेवला आणि हाती लागली ती कॅसेट उचलली. ती मी होते. लाल बटण दाबले गेले आणि माझे सूर पुसले जाऊ लागले. मित्रांनो, कॅसेटला ओरडता येत नाही.

लग्नाला शालूबाई आल्या होत्या. माझ्यावर धनसिंगने चिकटवलेला जयंतीचा निळा कागद त्यांनी ओळखला आणि पंगतीतून उष्ट्या हाताने धावत आल्या. “थांबव रे! आमच्या मालकाचा हात हाय त्याच्यात!”

धनसिंग जेवण टाकून आला. काय झाले ते कळल्यावर त्याची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तो मला आणि टेपरेकॉर्डर घेऊन कुरुंद्याला गेला.

संतराम खाटेवर बसून होते. मी वाजू लागले. आधी रेडिओचे गाणे, मग पंगतीचा गलका, त्यातून शालूबाईंची हाक, आणि एकदम गिटार. सुरुवातीचा तुकडा कायमचा गेला होता. संतराम हलले नाहीत. डाव्या हाताची बोटे तेवढी मांडीवर तारा दाबत राहिली. हलगी आली तसे त्यांच्या डोळ्यांना पाणी आले.

“दादा, माफ करा. पुसलं गेलं,” धनसिंग म्हणाला.

“जाऊ दे,” संतराम हसले. “जलमभर मी दुसऱ्याच्या मागं वाजवलं. आता शालूच्या मागं वाजवतो. पुन्हा लाव.”

धनसिंगने माझ्या पाठीवरचा प्लास्टिकचा चिमुकला तुकडा नखाने मोडून टाकला. तो मोडला की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. तेव्हापासून मी याच घरात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कॅसेटवर नाव लिहा आणि तो तुकडा आधी मोडा. पण कॅसेटच्या भरवशावर राहू नका. वाजवणाऱ्याचा हात चालतो आहे तोवर त्याच्यासमोर जाऊन बसा, आणि म्हणा, पुन्हा वाजवा.