पोतारलेलं माजघर

भिंत पोतारावी तर तानुबाईनं, असं सोनखेडातल्या बाया म्हणत. वरवट बकालपासून दोन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. नाल्याकाठची पांढरी माती इथं कुणालाही फुकट. पण ती किती दिवस भिजवायची, तिच्यात शेण किती कालवायचं आणि हात कसा फिरवला म्हणजे वाळल्यावर बोटांचे वळ उठत नाहीत, हे तानुबाईलाच ठाऊक. लग्नघरची बोलावणी तिला यायची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. शेत मुलगा जानराव बघत होता, आणि सून अन्नपूर्णा पहिल्यांदाच पोटुशी होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली, त्या सालच्या जेठात डीडीटीवाले गावात आले. त्याआधीही ते आले होते, पण तानुबाईच्या घरी ओसरी आणि गोठा फवारून परत जायचे. माजघराच्या उंबऱ्यावर ती उभी राहायची आणि म्हणायची, "आत देव आहेत." परगावची माणसं, ती कशाला वाद घालतील?

त्या वर्षी मात्र पंप घेऊन आला तो कचरूचा दयाराम, याच गावचा. सहा वर्षांपूर्वी कचरूचं घर आणि ती सारी आळी बौद्ध झाली होती. दयाराम सातवी शिकून हिवतापाच्या खात्यात लागला होता. पण गावाच्या मनातून त्या आळीचं जुनं नाव गेलं नव्हतं, तानुबाईच्याही नाही. खाकी कपड्यातला दयाराम माजघराकडे वळला तशी ती सवयीनं आडवी आली.

"आत देव आहेत."

दयाराम थांबला. बोलला तो जानराव. "माय, बाजूले हो. दरसाली मले हिव भरते, तू पाह्यतच. औंदा घरात पोटुशी बाई आहे, अन् ते माजघरातच निजते. देव अन्नपूर्णानं बाहेर नेऊन झाकले."

तानुबाई बाजूला झाली. दयारामानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि आत गेला. बाहेर त्याचा जोडीदार पंप मारत होता, आत फवाऱ्याचा सूं सूं आवाज भिंतीभिंतीनं फिरत होता. बाहेर आल्यावर दयारामानं चौकटीवर गेरूनं घराचा नंबर आणि तारीख घातली आणि तानुबाईकडे बघून सांगितलं, "माय, दिवाळीपर्यंत भितीले हात लावू नका. मच्छर माणसाले चावते अन् भितीवर जाऊन बसते. तितं हे औषध असलं का मरते. पाच-सहा महिने टिकते हे. पण वरून पोतारलं का मातीखाली दबते, मग असून नसल्यासारखं."

तानुबाईनं मान हलवली.

भिंती वाळल्या तसे त्यांच्यावर पांढरट ओघळ उमटले, कुणी ताक फेकून मारावं तसे. वास आठ दिवस गेला नाही. खाटेतले ढेकूण मेले, एवढं एक बरं झालं. ओसरीतले डाग तानुबाईनं कसेबसे सोसले. माजघरातले सोसवेनात. रोज सकाळी देवांपुढे दिवा लावताना नजर वर जायची आणि ओघळांवर अडकायची. दुसऱ्याच दिवशी तिनं गोमूत्र शिंपडलं होतं. मन निवलं नाही. डाग खुपत होते हे खरं, पण ते फवारणारा हातही खुपत होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, स्वतःशीही नीट उच्चारलं नाही.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. जानरावानं आधीच बजावलं होतं, यंदा पोतारायचं नाही. तानुबाईनं ओसरीच्या भिंतीवर ठेवणीतली लुगडी टांगली आणि त्यांच्यापुढे लक्ष्म्या बसवायचं ठरवलं. पण लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी जानराव निंदणाला गेला, अन्नपूर्णा धुणं घेऊन नाल्यावर गेली, आणि घरात तानुबाई एकटी उरली. तिनं माती भिजवून ठेवलेलीच होती. दुपार कलायच्या आत माजघराच्या चारही भिंती पोतारून झाल्या.

अन्नपूर्णा ओली धुणी खांद्यावर घेऊन दारातच उभी राहिली. "आत्याबाई, पोतारू नका म्हणे ना तो फवारेवाला?"

"लक्ष्म्यांच्या वक्ती घर असं भुताडं ठेवा लागते का? एका खोलीनं काय होते?"

अन्नपूर्णा गरीब स्वभावाची. तिनं भिंतीवरून अलगद हात फिरवला. "लय सुरेख झाली," ती म्हणाली आणि धुणी वाळत घालायला गेली. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. जानराव ओसरीत निजायचा. अंधाऱ्या माजघरात त्याचं जाणं कमीच, आणि गेला तरी भिंती बघायला कोण थांबतं?

आश्विन लागला आणि अन्नपूर्णेला हिव भरलं. पहिल्या दिवशी दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. एक दिवस उतार पडला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिला सातवा महिना होता. चौथ्या दिवशी दयाराम पंधरवड्याच्या फेरीला आला. फवारणी संपली की घरोघर जाऊन ताप विचारायचं, रक्त घ्यायचं काम त्याच्याकडे असे.

"कोणाले ताप?"

तानुबाईनं माजघराकडे हात केला. या वेळी ती आडवी आली नाही.

दयारामानं अन्नपूर्णेचं बोट टोचलं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरवला, चार कडू गोळ्या समोर बसून घ्यायला लावल्या. मग त्यानं वर पाहिलं. भिंत गुळगुळीत होती. त्यानं तळहात भिंतीला लावला, मागे घेतला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "कवा पोतारली?"

"लक्ष्म्यांसाठी," तानुबाई म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सूनबाईले आताच ओसरीत हलवा. अन् गाडी जुंपा, तालुक्याले, जळगावच्या दवाखान्यात न्या. पोटुशी बाई आहे, गोळ्यांच्या भरवशावर राहू नका."

जानराव शेतात होता. तो येईपर्यंत, बैल आणेपर्यंत सांज झाली. "सकाळी नेऊ, आज अंगातून घाम निघाला, उतरलं," असं तानुबाईच म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटलं होतं. सकाळी अन्नपूर्णा माणूस ओळखेना. गाडीत ती आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल काहीबाही बोलत होती. जळगावला डॉक्टरांनी सुया दिल्या, रात्रंदिवस धडपड केली. दुसऱ्या दिवशी मेलेलं मूल झालं. मुलगी होती. तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णाही गेली.

तेरवी झाल्यावर दयाराम पुन्हा आला. रक्ताचा निकाल आला होता, हिवताप होता आणि तोही माणूस मारणारा. घरातल्यांना गोळ्या द्यायच्या होत्या. जानरावानं गोळी हातात घेतली, पण तोंडात टाकली नाही.

"दयाराम, भितीवर औषध होतं ना? तू तर सांगे का पाच महिने टिकते. मग?"

तानुबाई चुलीपाशी होती. तिच्या हातातली लोखंडी फुंकणी तशीच राहिली. दयाराम तिच्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हता.

"सगळीकडं सारखं नाई टिकत, भाऊ," तो म्हणाला. "गोळी घ्या."

तो गेला. तानुबाईला वाटलं होतं, तो सांगेल. सांगितलं असतं तर तिनं कांगावा केला असता, लक्ष्म्यांचं नाव घेतलं असतं, चार बाया तिच्या बाजूनं बोलल्या असत्या. त्यानं सांगितलं नाही, आणि तिला कुठंच जागा उरली नाही. आठ दिवस तिनं काढले. नवव्या दिवशी दुपारी ती बौद्धांच्या आळीत गेली. जन्मात पहिल्यांदा.

दयाराम अंगणात खाटेवर बसून काचेच्या पट्ट्या पुसत होता. त्याची बायको सिंधू सूप घेऊन दारात होती. तिनं तानुबाईला बसायला पोतं टाकलं. पाणी विचारलं नाही. का विचारलं नाही हे तानुबाईला कळलं, आणि आपण मागावं एवढा हक्क आपल्याला नाही हेही कळलं.

"मी लक्ष्म्यांसाठी नाई पोतारलं," ती म्हणाली. "तू आत गेल्ता म्हणून पोतारलं."

सिंधूच्या हातातलं सूप थांबलं. दयारामानं पट्टी खाली ठेवली.

"मले माहीत होतं, माय. लक्ष्म्या ओसरीत बसल्या. ओसरी तुमी तशीच ठेवली, अन् माजघर तेवढं पोतारलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगून बाई माघारी येणार व्हती का? तुमचं घर मोडलं असतं." त्यानं पट्टी पुन्हा हातात घेतली. "अन् मले तितं उभं राहून सांगावं वाटलं नाई, का माह्या हाताचा इटाळ धुतला म्हणून तुमची सून मेली. माह्या तोंडानं नाई निघत ते."

तानुबाई रडली नाही. रडायलाही तिला ते अंगण परकं वाटत होतं. ती उठली तेव्हा दयाराम एवढंच म्हणाला, "मले सांगून काय उपेग? जानरावभाऊले सांगा."

तिनं सांगितलं. त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, गोठ्यात. काही लपवलं नाही. जानराव म्हशीची धार काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, धार पुरी केली, दुधाचं भांडं तिच्यापुढे ठेवलं आणि शेतातल्या झोपडीत राहायला निघून गेला. दोन महिन्यांनी परत आला. बोलायचा, पण बैल, पेरणी, मजूर एवढंच. "माय" ही हाक त्याच्या तोंडून पुन्हा यायला साल लागलं, आणि आली तेव्हाही पहिल्यासारखी नाही. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. तानुबाईनं तो विषय कधी काढला नाही.

पुढच्या जेठात फवारेवाले आले त्या सकाळी तानुबाई दारात उभी होती. आपलं माजघर तिनं स्वतः मोकळं करून दिलं. मग पदर खोचला आणि दयारामाच्या पुढं पुढं चालायला लागली. गल्लीत बायांनी तोंडाला पदर लावला. ती थांबली नाही.

तिसऱ्या घरी गोजरबाई उंबऱ्यात आडवी आली. "ओसरीत काय मारायचं ते मारा. आत देव आहेत आमचे."

"माह्याबी घरी व्हते," तानुबाई म्हणाली. "मी भितीवरचं औषध मातीनं बुजवलं, गोजरे. त्याच खोलीत माही सून निजत व्हती."

"असं काऊन बोलता, बाई? तिचं दैव व्हतं."

"दैव नाई. माह्या हातानं झालं ते. तुह्या घरात चार लेकरं आहेत."

गोजरबाईनं एकदा तानुबाईकडे पाहिलं, एकदा मागं उभ्या दयारामाकडे. मग ती उंबऱ्यावरून सरकली. दयारामानं चपला काढायला पाय उचलला.

"राहू दे पायातच," गोजरबाई पुटपुटली. "आत पाणी सांडलं आहे."

दयाराम आत गेला. तानुबाईनं पिठाचा डबा, पाण्याचे हंडे, लेकरांच्या गोधड्या एकेक करून अंगणात आणल्या आणि त्यांच्यावर लुगडं पांघरलं. घरात फवारा सुरू झाला होता.